किती जणींचं धरू

आज सकाळी मी गॅसवरचं दूध उतू जाऊ दिलं. समोर उभी राहून, डोळ्यांदेखत. साय वर आली, पातेल्याच्या काठाशी जरा घुटमळली आणि मग एका बाजूनं खाली उतरली. बर्नर विझला, ओट्यावर पांढरं तळं साचलं. बाहेरच्या खोलीतून नवऱ्यानं विचारलं, काय जळतंय. मी म्हटलं, काही नाही, दूध गेलं. त्यानं पेपरातून डोकंही वर काढलं नाही. लग्नाला पाच वर्षं झाली. मार्गशीर्ष संपत आला की ही बाई एकदा तरी दूध घालवते, हे त्याला पाठ झालंय. एरवी हीच बाई टूथपेस्टची नळी कात्रीनं उभी कापून आतली पेस्ट संपवल्याशिवाय टाकू देत नाही, याचं त्याला नवल वाटत असेल. पण तो विचारत नाही आणि मीही आपणहून सांगत नाही.

मी चिकट आहे. हे मीच सांगून टाकते, म्हणजे दुसऱ्याला त्रास नको. नांदेडात एका लॅबमध्ये काम करते, दिवसभर लोकांचं रक्त काढते. माझी जुनी मैत्रीण नसरीन म्हणते की ते तर मी बारावीपासूनच करते आहे, फक्त आता त्याचा पगार मिळतो. तिचं म्हणणं खोटं नाही.

काल लॅबमधून घरी येताना भाजीच्या गाड्यावर तुरीच्या हिरव्या शेंगा दिसल्या. शेजारी ओला हरभरा आणि लसणाची कोवळी पात. हे तिन्ही एका गाड्यावर आले की समजायचं, येळवस जवळ आली. येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. आमच्या किनवटकडं तिचं कुणाला फारसं काही नाही, नांदेड शहरातही तो दिवस इतर दिवसांसारखाच येतो आणि जातो. लातूरकडं मात्र त्या दिवशी माणूस घरात सापडत नाही. बारावीच्या वर्षी मला एवढं जरी माहीत असतं, तरी पुढचं काहीच घडलं नसतं. मी लसणाच्या पातीची जुडी नाकाशी धरून किती वेळ उभी होते कोण जाणे. गाडेवाला म्हणाला, ताई, घ्यायची असली तर घ्या, नुसता वास कशाला घेताय. मी घेतली. भाव न करता घेतली, हे विशेष.

त्या वर्षी आम्ही तिघी लातुरात डॉक्टर व्हायला आलो होतो. लातुरात त्या वयाचा जो कोणी दिसतो तो डॉक्टर व्हायलाच आलेला असतो. मी इस्लापूरची, शिंप्याची मुलगी. आमच्या गावाला पावसाळ्यात लांबलांबून माणसं येतात, पण ती सहस्रकुंडचा धबधबा बघायला. आमच्याकडं कुणी बघत नाही. नसरीन नांदेडची, तिच्या अब्बांचं मोटारी वाइंडिंग करायचं दुकान. घरात तिच्या आधी चार पिढ्या हातात पाना-पक्कड धरणाऱ्या. आणि तिसरी सीमा, धर्माबादची. तिचे बापू मिरचीच्या आडतीवर कामाला होते. सुट्टीवरून आली की तिची बॅग उघडताना आम्ही दोघी गॅलरीत जाऊन उभ्या राहायचो, कारण तिच्या कपड्यांत मिरचीचा खकाणा असायचा. ती स्वतः कधी शिंकायची नाही. आमच्या ठसक्यांवर हसत बसायची.

आमची खोली पत्र्याची, दुसऱ्या मजल्याच्या वर. खालच्या मजल्यावर मंगलमावशीची मेस. मावशी उंच, काळीसावळी, चष्म्याची एक दांडी दोऱ्यानं बांधलेली. बोलणं मोजकं. रोज सकाळी क्लासला निघताना आम्ही जिन्यावरून उतरलो की ती पीठ चाळता चाळता, मान वर न करता विचारायची, "संध्याकाळी किती जणींचं धरू?" तिघी जेवणार असलो तर तिघींचं, कुणी नसेल तर दोघींचं. नसण्याला मेसच्या भाषेत खाडा म्हणतात. सकाळीच सांगितलं तर खाडा धरला जातो आणि महिन्याच्या शेवटी तेवढं कमी द्यावं लागतं. साधी गोष्ट. पण सहा आठवडे आमचं सगळं त्या खाड्याभोवती फिरत होतं.

त्याचं कारण सीमा. दिवाळीनंतरच्या मोठ्या टेस्टमध्ये तिचा नंबर इतका खाली गेला की क्लासच्या बोर्डावर तो वाचायला तिला वाकावं लागलं. त्या दिवशी ती रडली नाही. नेहमीसारखी जेवली, भांडं धुतलं, आणि मला गॅलरीत बोलावून म्हणाली की मी जाते. बापूंशी बोलणं झालंय, येळवसनंतरच्या रविवारी ते गादी न्यायला येतील. धाकट्या दोघांची शाळा आहे, त्यांच्या वाटचं मी इथं बसून खातेय, असं ती म्हणाली. नसरीनला सांगू नको, ती गोंधळ घालील, हेही म्हणाली. मी नसरीनला सांगितलं. नसरीननं गोंधळ घातला नाही. ती एवढंच म्हणाली, "अपन कुछ तो करेंगे." काय करायचं ते तिला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं.

क्लासच्या वाटेवर काचेचं मोठं दुकान होतं, पिझ्झ्याचं. बाहेर माणसाएवढा फोटो: एक तुकडा वर उचललेला आणि त्याला चीजचे लांब दोरे सुटलेले. सीमा रोज त्या फोटोपुढं क्षणभर रेंगाळायची. आम्ही तिघींपैकी कुणीच तो पदार्थ खाल्ला नव्हता. एकदा ती सहज म्हणून गेली की जायच्या आधी हे एकदा खायचं बरं का. बस, एवढंच. माझ्या डोक्यात ते बसलं. मला वाटायला लागलं की एक दिवस, एकच दिवस नीट गेला, काचेच्या आत बसून तिघींनी पिझ्झा खाल्ला, वरून आइस्क्रीम, मग एखादा पिक्चर, तर ती थांबेल. का थांबेल, ते मला आजही सांगता येणार नाही. सतराव्या वर्षी माणसाला असल्या गोष्टींची खात्री वाटते.

दिवसही ठरला. आमच्या क्लासला रविवारीही टेस्ट असायची. अख्ख्या हंगामात पूर्ण सुट्टीचा म्हणावा असा एकच दिवस होता, येळवस. नोटीस बोर्डावर तसं लिहिलंच होतं. सुट्टी म्हणजे बाजार फुललेला, दुकानं उशिरापर्यंत उघडी, हे आम्ही नांदेडकडच्या पोरी धरूनच चाललो.

मग माझं राज्य सुरू झालं. रिक्षा बंद, क्लासपर्यंत पायी. टपरीवरचा चहा बंद. शॅम्पूची एक पुडी तिघींत, आणि शेवटी जिचा नंबर तिनं पुडीत पाणी घालून हलवायचं. झेरॉक्स काढायच्या नाहीत, हातानं उतरवायचं. त्यानं अक्षर सुधारतं असं मी वर ऐकवायचे. दूध रोज अर्धा लिटर यायचं ते दिवसाआड पाव लिटरवर आणलं. घरमालकाला चोरून ठेवलेल्या कॉइलच्या शेगडीवर ते तापवायचं काम माझ्याकडं. मी त्या पातेल्यावरून नजर हलवत नसे. साय फुगायला लागली की बोटं पाण्यात बुडवून चार थेंब शिंपडायचे, साय खाली बसायची. सहा आठवड्यांत एक थेंब बाहेर गेला नाही. नसरीन म्हणायची, "उज्ज्वला, तू रूममेट हाय का सासू हाय?" पण ती पायी चालायची, पुडीत पाणी घालून हलवायची, कोरा चहा तोंड वाकडं करून प्यायची.

तरी पुरेना. मग मी खाडा काढला. आधी आठवड्यातून एक संध्याकाळ, मग दोन, शेवटी शेवटी तीन. त्या संध्याकाळी खोलीवर चुरमुरे भिजवून सुशीला करायचा. कांदा असला तर कांद्याचा, नसला तर शेंगदाण्याचा कूट घालून. पहिल्यांदा मजा वाटली. चौथ्या-पाचव्या वेळेला खालून ज्वारीच्या भाकरीचा खरपूस वास जिन्यानं वर यायचा आणि आम्ही तिघी न बोलता चुरमुरे चावत बसायचो. भूक लागलेली असताना अवयवांची नावं पाठ होत नाहीत, एवढं मी अनुभवानं सांगते. पण मनात गंमत होती. तिघी मिळून काहीतरी राखतो आहोत, जपतो आहोत, यात एक ऊब होती. मला तर वाटतं त्या सहा आठवड्यांत सीमा जितकी हसली तितकी आधी कधी हसली नव्हती. चालत जाताना ती आम्हाला तेलुगू शिकवायची आणि आम्ही चुकलो की रस्त्यात थांबून पोट धरायची. तिची जायची तारीख मात्र तशीच होती.

आणि एक गोष्ट मला तेव्हा दिसली नाही. सकाळी "किती जणींचं धरू" या प्रश्नाला मी "आज खाडा" म्हटलं की मावशीची चाळण थांबायची. क्षणभरच. ती कारण विचारायची नाही. एकदा तिनं आमटी बदलली, दुसऱ्या दिवशी मुद्दाम मेथीची पातळ भाजी केली. एकदा मला जिन्यात थांबवून विचारलं की तिखट जास्त होतंय का. मी नाही म्हटलं. पुढच्या आठवड्यात आम्ही तीन खाडे केले.

येळवसच्या आदल्या संध्याकाळी मावशी वर आली. जिना चढून ती कधी येत नसे. दारातच उभी राहून म्हणाली की उद्या मेस बंद, मी भावाच्या रानात जाणार, मुरुडच्या अलीकडं. तुम्ही तिघी चला. आम्ही एकमेकींकडं बघितलं. सहा आठवडे राखलेला दिवस असा रानात घालवायचा? मी म्हटलं, मावशी, परवा टेस्ट आहे, अभ्यास करायचाय. धडधडीत खोटं. मावशीनं एकदा तिघींच्या तोंडाकडं बघितलं, बरं म्हणाली आणि खाली गेली.

पहाटेपासून खालून भाजल्याचे, वाटल्याचे वास आणि भांड्यांचे आवाज येत होते. मग ते थांबले. आम्ही सावकाश उठलो, डोक्यावरून पाणी घेतलं, दिवाळीचे ड्रेस घातले. नसरीननं तिघींच्या डोळ्यांत काजळ घातलं. अकराच्या सुमारास थाटात बाहेर पडलो. पोटात आदल्या दुपारपासून काही नव्हतं, कारण पिझ्झ्यासाठी जागा ठेवायची, हाही माझाच हुकूम.

गल्लीत कुणी नव्हतं. मोठ्या रस्त्यावर आलो तर तिथंही कुणी नव्हतं. रिक्षा नाही, टपरी नाही, दूधवाला नाही. एरवी जिथं पाय ठेवायला जागा नसते त्या गंजगोलाईत एक कुत्रं रस्त्याच्या मधोमध पाय ताणून झोपलं होतं. सगळी शटर खाली. आम्हाला आधी वाटलं काहीतरी वाईट घडलंय. पिझ्झ्याच्या दुकानापाशी पोचलो तर काचेवर कागद चिकटवलेला, येळवसनिमित्त बंद. तो चीजच्या दोऱ्यांचा फोटो तेवढा उन्हात उभा होता. एका औषधाच्या दुकानाचं शटर अर्धं वर होतं. आतल्या माणसाला विचारलं तर तो आमच्या कपड्यांकडं बघून हसायला लागला. "येळवसला लातुरात कोन जेवतंय ओ? समदं लातूर रानात गेलंय." नसरीननं विचारलं, खायला काही आहे का. त्याच्याकडं खोकल्याच्या गोळ्या होत्या.

पर्समध्ये सहा आठवड्यांची उपासमार, आणि अख्ख्या शहरात ती घ्यायला कुणी तयार नाही. आम्ही फूटपाथवर बसलो. सीमाला हसू यायला लागलं, मग नसरीनला. मला आलं नाही. मला रडू येत होतं. माझा दिवस गेला होता, आणि रविवार तोंडावर आला होता.

तेवढ्यात एक छोटा टेम्पो आला आणि आमच्यापुढं थांबला. पुढं भावाशेजारी मंगलमावशी. तिनं आमचं काजळ बघितलं, ड्रेस बघितले, बंद शटर बघितलं. कालच्या अभ्यासाबद्दल एक शब्द काढला नाही. म्हणाली की कोथिंबीर विसरले म्हणून परत आले होते. मग मागं बोट दाखवून म्हणाली, "बसा." आम्ही बसलो. रानात पोचल्यावर पहिल्यांदा काय दिसलं असेल तर विहिरीच्या कडेला कोथिंबिरीचा अख्खा वाफा. नसरीननं मला कोपर मारलं. आमचं एक खोटं झालं होतं, मावशीचंही एक झालं.

त्या रानाचं काय सांगू. ज्वारी खांद्याला लागलेली, हरभऱ्याला घाटे धरलेले, त्याची आंब, म्हणजे पानांवरचं आंबट दव, पायांना चिकटायची. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून केलेली कोप, आत चुना लावलेले पाच दगड, तेच पाच पांडव. सगळ्या शिवारात अशाच कोपी आणि प्रत्येक कोपीतून धूर. मावशीचा भाऊ मातीच्या भांड्यातली आंबील डहाळीनं पिकावर शिंपडत रानाला फेरी घालत होता आणि एक जुना पुकारा देत होता. त्याचा अर्थ त्यालाही माहीत नव्हता. मग पंगत. तूर, वाल, हरभरा, सगळ्या ओल्या दाण्यांची आणि पालेभाज्यांची एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आणि लसणाची पात घातलेली आंबट गार आंबील. आम्ही जेवलो म्हणजे काय, आम्ही तुटून पडलो. सीमानं सहा उंडे खाल्ले. मी भांडंभर आंबील एका दमात प्यायले आणि ओठावरून हात फिरवून वर बघितलं, तर मावशी जेवायची थांबून आमच्याकडं बघत होती.

"मंग घास गोड लागतोय की तुम्हाला," ती म्हणाली. "मला वाटलं माझ्या हाताची चव गेली."

 मग सीमानं सगळं सांगितलं. पिझ्झा, चुरमुरे, शॅम्पूची पुडी, सगळं. मला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं. मावशी ऐकत राहिली. तिला नुसतं चव गेल्याचंच वाटत नव्हतं. मधूनमधून असंही वाटायचं की घरून काही येईनासं झालंय आणि पोरी सांगत नाहीत. म्हणून खाड्याच्या दिवशीही ती तीन भाकरी फडक्यात झाकून ठेवायची आणि मेस आवरेपर्यंत जिन्याकडं बघायची. आम्ही उतरलो नाही की सकाळी त्या तिच्या दारच्या गायीला. हे तिनं असं सांगितलं की जसं काही गायीचीच गोष्ट सांगतेय. मी तेव्हा पहिल्यांदा आमच्या बचतीकडं नीट बघितलं. आम्ही आमच्याच वाटचं राखतोय असं मला वाटत होतं, आणि एक बाई रोज संध्याकाळी जिन्याकडं डोळे लावून बसत होती. मला इतकी लाज आजवर कधी वाटलेली नाही.

दुपारभर आम्ही हरभरा सोलून खाल्ला, झोके घेतले. ऊन उतरल्यावर मावशीनं कोपीसमोर गोवऱ्या रचल्या, त्यावर मातीचं बोळकं ठेवलं आणि त्यात दूध ओतलं. सगळे गोळा झाले. सीमाला आणि नसरीनला पुढं बोलावलं, मीही वाकून बसले. मला वाटलं दिवसाअखेरचा चहा होणार. धूर डोळ्यांत जात होता. दूध हळूहळू तापलं, साय आली, साय फुगली, आणि कुणी हलेना. सगळे नुसते बघत होते. मावशीसुद्धा. साय काठाला लागली. माझा हात माझ्या ताब्यात राहिला नाही. शेजारच्या तांब्यात बोटं बुडवली आणि चार थेंब शिंपडले. साय खाली बसली.

 भावाची बायको तोंडाला पदर लावून उभी. कुणीतरी हलक्या आवाजात सांगितलं की येळवसला दूध उतूच घालायचं असतं. ज्या अंगाला जाईल त्या अंगाला पाऊसपाणी चांगलं. आणि मी ते बसवलं होतं. वर्षातून एकदा हात सैल सोडायचा असतो, नेमकी तीच वेळ मी साधली होती.

मावशी रागावली नाही. तिनं गोवऱ्या जरा पुढं सारल्या, माझा ओला हात तिच्या हातात धरला आणि धरूनच ठेवला. "सहा आठवडे राखलीस की, बाई," ती म्हणाली. "आता जाऊ दे उतू."

दूध पुन्हा वर आलं. माझी बोटं तिच्या मुठीत वळवळत होती. साय काठावर चढली, फुटली आणि एका बाजूनं भराभर खाली गेली, निखाऱ्यावर चर्र झालं, करपल्या दुधाचा वास सगळीकडं पसरला. सगळ्यांनी हात जोडले. दूध उगवतीच्या अंगाला गेलं होतं. सीमा त्या दिशेला बघत म्हणाली की तिकडंच आमचं धर्माबाद. मग कुणाकडं न बघता म्हणाली, "मावशी, मी रविवारी जाणार हाय. कायमची."

हे मावशीला सांगायचं काम माझ्यावर होतं. सहा आठवडे मला "दोघींचं धरा" म्हणायचं धैर्य झालं नव्हतं. मावशीनं माझा हात सोडला, राखेवरची काडी बाजूला केली.

"पाऊस जाऊ दे की तिकडं," ती म्हणाली. "तू कशाला जातीस?"

 परतीच्या टेम्पोत सीमा मागं पळणाऱ्या रानाकडं बघत बसली. खोलीवर आल्यावर तिनं तिची बॅग ओढून दाराशी ठेवली आणि भिंतीकडं तोंड करून झोपली. मी ते बघून डोक्यावरून पांघरूण घेतलं.

सकाळी आम्ही तिघी जिना उतरलो. मी पुढं. मावशी पीठ चाळत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "किती जणींचं धरू?"  खाडा नाही, एवढं नक्की होतं. पण आकडा तोंडातून निघेना. मागून सीमा म्हणाली, "तिघींचं धरा. आनि माझ्या दोन भाकरी जास्त."

मावशीनं मान वर केली नाही. नुसतं अजून एक माप पीठ चाळणीत ओतलं.

रविवारी बापू आले ते गादी बांधायला सुंभाची दोरी घेऊनच. मावशीनं त्यांना जेवायला बसवलं, वाढता वाढता काय बोलली ते आम्हाला ऐकू आलं नाही. ते परत गेले, दोरी राहिली. पत्र्याच्या खोलीत परीक्षेपर्यंत आमचे कपडे त्याच दोरीवर वाळले. पिझ्झाही खाल्ला, पुढच्या महिन्यात, चौघींनी. मावशीला आम्ही दंडाला धरून नेलं. तिनं एक तुकडा खाऊन सांगितलं की रोडग्याला इतकं सजवायची गरज नव्हती. परीक्षेनंतर तिघींपैकी माणसांची डॉक्टर कुणीच झाली नाही. मी रक्त काढते. नसरीन औषधाचं दुकान चालवते, पूर्ण शटर वर करून. सीमा जनावरांची डॉक्टर झाली, गावोगाव गाई तपासत हिंडते, आणि मावशीची ती म्हातारी गायसुद्धा शेवटपर्यंत तिनंच बघितली.

आता आम्ही दरवर्षी येळवसला जातो. त्यासाठी मी दिवाळीपासून राखायला लागते, रिक्षा टाळते, लॅबमध्ये घरचा डबा नेते, ते काही सुटलेलं नाही. आदल्या संध्याकाळी लातुरात पोचून दुकानं बंद व्हायच्या आत दोन पिझ्झे घ्यायचे असतात. दुसऱ्या दिवशी ते रानात चुलीवर तव्यावर गरम करायचे. उंड्यांच्या टोपलीत ते विचित्र दिसतात, पण मावशीच्या भावाची नातवंडं त्यांचीच वाट बघतात.

दुपारी मावशीचा फोन आला. आवाज जरा थकलाय, विचारणं तेच. मी मोजायला लागले: मी, माझी मुलगी, नसरीन आणि तिची दोन पोरं. सीमा म्हणाली होती की वाटेत एखादी गाय अडली नाही तर येते, आणि या वर्षी बापूंनाही आणते. अडली तर दोघंही नाहीत. उगीच सांगून ठेवायचं आणि वाया जायचं, असं माझ्या तोंडाशी आलं. ओट्यावर सकाळच्या दुधाचा डाग तसाच होता, पुसायचा राहिलेला.

"मावशी," मी म्हटलं, "या वर्षी जास्तच धरा."